जुन्या कोडमधील पोर्ट फंक्शन्सची घडी कशी बसवावी

पीसीच्या हार्डवेअरशी पोर्टमार्फत, म्हणजे उपकरणांच्या क्रमांकित पत्त्यांवर वाचून-लिहून, थेट बोलणारा कोड जसजसा जुना होतो, तसतशी त्यात एकच काम करणारी चार-पाच नावांची फंक्शन्स साठत जातात. डॉसच्या काळातील फाइलमध्ये आउटपोर्टबी असते, दुसऱ्या कंपायलरवरून आलेल्या फाइलमध्ये आउटपी असते, लिनक्सवरून उचललेल्या ड्रायव्हरमध्ये आउटबी असते, आणि एखादा मॅक्रो या सगळ्यांना वळसा घालून सरळ इनलाइन असेंब्ली, म्हणजे सीच्या कोडातच लिहिलेल्या प्रोसेसरच्या सूचना, वापरतो. नावे वेगळी असणे हा यातला सर्वांत किरकोळ दोष आहे. आर्ग्युमेंट्सचा क्रम, डेटाची रुंदी, परत येणाऱ्या किमतीचा प्रकार आणि लिहिल्यानंतरचा विलंब या चार बाबतींत ही फंक्शन्स एकमेकांपासून भिन्न असतात, आणि यांपैकी एकही फरक केवळ नावावरून खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून नावे एकसारखी करण्याच्या कामाला हात घालण्यापूर्वी हे फरक कुठून आले ते समजून घेतले पाहिजे.

या लेखातील पोर्टचे क्रमांक आणि पोर्टवर लिहिल्या जाणाऱ्या किमती हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, आहेत. बिटांच्या संख्या, इंटरप्टचे (लक्ष वेधण्यासाठी उपकरणाने प्रोसेसरला दिलेल्या संकेतांचे) क्रमांक आणि वर्षे दशमान आहेत.

क्रमाचा घोळ कुठून येतो

एक्स८६ प्रोसेसरवर एका वेळी एक किंमत पोर्टवर लिहिण्यासाठी आउट ही सूचना आहे. पोर्टचा क्रमांक एफएफ पर्यंत असेल तर तो सूचनेतच देता येतो, अन्यथा तो डीएक्स या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणीत, ठेवावा लागतो. डेटा एएल, एएक्स किंवा ईएएक्समध्ये असतो. इंटेलच्या लेखनपद्धतीत आधी डीएक्स आणि मग एएल लिहितात. एटी अँड टी पद्धतीत आधी स्रोत आणि मग गंतव्य लिहिण्याचा रिवाज असल्यामुळे तेथे आधी एएल आणि मग डीएक्स येते. लिनक्समधील आउटबी दुसऱ्या क्रमाने चालते, म्हणजे आधी किंमत, मग पोर्ट. मायक्रोसॉफ्ट, बोरलँड आणि वॉटकॉम यांच्या डॉस कंपायलरांमधील फंक्शन्स आधी पोर्ट घेतात. फ्रीबीएसडीमध्ये नाव आउटबी हेच आहे, परंतु क्रम आधी पोर्ट, मग किंमत असा आहे. नेमके तेच नाव आणि नेमका उलटा क्रम, अशी ही स्थिती असते.

सीच्या दृष्टीने दोन्ही आर्ग्युमेंट्स पूर्णांक असतात, त्यामुळे क्रम चुकला तरी प्रोग्रॅम बिनबोभाट कंपाइल होतो. समजा पहिल्या सीरियल पोर्टवर, म्हणजे ३एफ८ वर, ४१ हा बाइट पाठवायचा आहे. क्रम उलटला तर ३एफ८ या संख्येचा वरचा भाग छाटला जातो आणि एफ८ हा बाइट ४१ क्रमांकाच्या पोर्टवर जातो. ते पोर्ट टायमर चिपच्या दुसऱ्या चॅनेलचे आहे, आणि सुरुवातीच्या पीसींमध्ये मेमरी ताजी ठेवण्याचे काम याच चॅनेलकडे होते. म्हणजे सीरियल पोर्टवर एक अक्षर पाठवण्याच्या चुकीचा परिणाम मेमरीच्या रिफ्रेशपर्यंत पोहोचू शकत असे. ३एफ८ ही संख्या थेट लिहिलेली असेल तर जीसीसी हा कंपायलर निदान किंमत बदलत असल्याची वॉर्निंग देतो. पण प्रत्यक्ष ड्रायव्हरमध्ये बेस पत्ता व्हेरिएबलमध्ये असतो, आणि मग सर्वसाधारण वॉर्निंग्ज चालू असूनही कंपायलर गप्प राहतो.

मला या विषयाचे गांभीर्य एका जुन्या नियंत्रण प्रणालीवर काम करताना कळले. इंटरप्ट हाताळणारी एक फाइल एका डिरेक्टरीतून दुसरीत हलवली गेली, त्याबरोबर तिला मिळणारी हेडर फाइल बदलली, आणि दोन्ही हेडरमध्ये आउटबी होते, फक्त क्रम उलटे होते. बिल्ड स्वच्छ झाले. टायमर चालू होता, कीबोर्डही चालू होता, त्यामुळे इंटरप्टच्या कोडवर कोणाचा संशय गेला नाही. माउसचा मात्र पहिला बाइट आला आणि पुढे काहीच आले नाही, आणि त्यानंतर डिस्कही थांबली. कारण असे की, इंटरप्ट संपल्याची सूचना देण्यासाठी मुख्य इंटरप्ट कंट्रोलरच्या २० क्रमांकाच्या पोर्टवर २० हीच किंमत लिहावी लागते. पोर्टही २०, किंमतही २०. क्रम कसाही असला तरी परिणाम तोच. टायमर आणि कीबोर्ड एवढ्याच सूचनेवर चालत होते. माउस १२ क्रमांकाच्या इंटरप्टवर, म्हणजे दुय्यम कंट्रोलरवर असतो, आणि तेथे ए० पोर्टवर २० लिहायचे असते. क्रम उलटल्यामुळे ए० ही किंमत मुख्य कंट्रोलरच्या २० पोर्टवर गेली. त्या चिपसाठी ए० चा अर्थ इंटरप्ट संपवा आणि प्राधान्यक्रम फिरवा असा आहे. दुय्यम कंट्रोलरला आपला इंटरप्ट संपल्याचे कधी कळलेच नाही, म्हणून त्याने १२ आणि त्याखालच्या प्राधान्याचे सर्व इंटरप्ट रोखून धरले, ज्यांत डिस्कचा १४ क्रमांकाचा इंटरप्टही होता. हा दोष सापडायला आम्हाला जवळपास एक आठवडा लागला, आणि तो सापडला तेव्हा दुरुस्ती एका ओळीची होती.

आधी मोजदाद

कामाची सुरुवात कोड बदलण्याने करू नये, तक्त्याने करावी. पोर्टला हात लावणारे प्रत्येक नाव शोधावे: इनबी, इनडब्ल्यू, इनएल, इनपी, इनपीडब्ल्यू, इनपोर्ट, इनपोर्टबी, त्यांची लिहिणारी रूपे, अंडरस्कोअरने सुरू होणारी रूपे, आणि इनलाइन असेंब्लीतील इन व आउट सूचना. प्रत्येक नावापुढे त्याची व्याख्या नेमक्या कोणत्या हेडरमधून येते, क्रम कोणता आहे, रुंदी किती बिटांची आहे, परतीचा प्रकार कोणता आहे आणि विलंब आहे की नाही हे लिहावे. एका नावाच्या दोन व्याख्या सापडल्या तर तक्त्यात दोन ओळी कराव्यात. हेडर कुठून येते हे नजरेने ठरवू नये. कंपायलरला फक्त प्रीप्रोसेसिंग करायला सांगून त्याचे आउटपुट वाचावे, कारण इन्क्ल्यूड पाथचा क्रम डोळ्यांना दिसत नाही.

रुंदीच्या बाबतीत नावे विशेष फसवी आहेत. बोरलँडमध्ये इनपोर्ट १६ बिट वाचते आणि इनपोर्टबी ८ बिट, तर मायक्रोसॉफ्टच्या इनपीला शेवटी कोणतेही अक्षर नसूनही ती ८ बिटच वाचते. लिनक्सच्या इनएलमधील एल म्हणजे ३२ बिट. यातली प्रत्येक पद्धत आपापल्या घरात सुसंगत आहे. घोटाळा होतो तो ती एकत्र नांदू लागल्यावर.

नवे नाव आणि नवा प्रकार

नव्या फंक्शनच्या नावात रुंदी आकड्याने असावी, उदाहरणार्थ पोर्ट_रीड८, पोर्ट_राइट१६, पोर्ट_राइट३२. यूईएफआय या बूट फर्मवेअरच्या ईडीके टू या कोडसंचात आयओराइट८ अशीच नावे आहेत आणि ती वाचताना शंका उरत नाही. क्रम कोणता ठेवावा यावर पुष्कळ वाद होतात. माझे मत आधी पोर्ट, मग किंमत असे आहे, कारण मेमरीतील जागेत किंमत ठेवताना आपण डावीकडे जागा आणि उजवीकडे किंमत लिहितो. परंतु क्रमाच्या निवडीपेक्षा पुढच्या दोन गोष्टी कितीतरी अधिक महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, जुने नाव नव्या अर्थाने कधीही वापरू नये. आउटबीचा क्रम सर्वत्र एकच करू असे ठरवून तेच नाव राखले, तर दुरुस्त झालेली आणि न झालेली ओळ दिसायला सारखीच राहते, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या शाखेतून आलेले मर्ज जुन्या क्रमाच्या ओळी पुन्हा आत आणते. नवे नाव असेल तर अशी ओळ कंपाइलच होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पोर्टला स्वतःचा प्रकार द्यावा. केवळ टाइपडेफ करून उपयोग नाही, कारण टाइपडेफ हे त्याच पूर्णांकाचे टोपणनाव असते. १६ बिटांचा एकच अनसाइन्ड सदस्य असलेले स्ट्रक्ट करावे आणि पोर्ट नेहमी त्या प्रकाराने द्यावे. मग पोर्टच्या जागी किंमत दिली की कंपायलर चूक दाखवून थांबतो. ऑप्टिमायझेशन चालू असताना इनलाइन फंक्शनमध्ये या स्ट्रक्टचा काहीही खर्च पडत नाही. फार जुना १६ बिटांचा कंपायलर वापरावा लागत असेल आणि तो स्ट्रक्ट मेमरीतून फिरवत असेल, तर व्याख्या न दिलेल्या स्ट्रक्टचा पॉइंटर वापरावा; पॉइंटर आणि पूर्णांक यांची अदलाबदल झाली तर जुने कंपायलरही बहुधा तक्रार करतात. विंडोजच्या कर्नलमधील पोर्टची फंक्शन्सही पोर्ट पॉइंटरच्या रूपातच घेतात.

या प्रकारामुळे थोडी गैरसोय होते हे खरे आहे. स्थिर क्रमांकांसाठी एक छोटा मॅक्रो आणि बेसमध्ये ऑफसेट मिळवण्यासाठी एक छोटे फंक्शन लिहावे लागते, आणि स्टॅटिक तक्त्यांमध्ये महिरपी कंसांतील साधा इनिशियलायझर द्यावा लागतो. ही गैरसोय पत्करावी. पोर्टच्या क्रमांकावर कुठे कुठे गणित चालते हे तिच्यामुळेच पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

परतीचा प्रकार नेहमी अनसाइन्ड आणि नेमक्या रुंदीचा असावा. कोणीतरी घरी लिहिलेले इनबी साधे कॅर परत करत असेल आणि कंपायलर कॅर साइन्ड मानत असेल, तर एफएफ हा बाइट उणे १ होतो आणि त्याची एफएफशी केलेली तुलना कधीच खरी ठरत नाही. पोर्टवर काहीच उपकरण नसेल तेव्हा सहसा एफएफच वाचले जाते, म्हणजे उपकरण आहे की नाही हे पाहणारी तपासणीच निकामी होते. असे ठिकाण सापडले की ते लगेच दुरुस्त करण्याचा मोह होतो. तो आवरावा, तक्त्यात नोंद करावी आणि दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये (बदलाच्या स्वतंत्र नोंदीत) करावी, कारण त्या दुरुस्तीने प्रोग्रॅमचे वर्तन बदलणार आहे.

बदल दोन टप्प्यांत

पहिल्या टप्प्यात जुन्या नावांची अंमलबजावणी बदलावी, वापर तसाच ठेवावा. प्रत्येक जुने फंक्शन हे नव्या फंक्शनवरचे इनलाइन आवरण करावे. जुना क्रम, जुना परतीचा प्रकार आणि जुना विलंब जसाच्या तसा राखावा. एका नावाच्या दोन व्याख्या असतील तर हीच वेळ त्यांना दोन वेगळी तात्पुरती नावे देण्याची असते. या टप्प्यात मशीन कोड बदलतो, कारण आधी जे लायब्ररीतील फंक्शन होते ते आता इनलाइन होते. म्हणून येथे प्रत्यक्ष हार्डवेअरवर पूर्ण चाचणी घ्यावी.

इनलाइन असेंब्ली लिहिताना व्होलाटाइल विसरू नये. एकाच पोर्टचे सलग दोन वेळा केलेले वाचन ही दोन वेगळी कामे आहेत हे कंपायलरला आपोआप कळत नाही, आणि सांगितले नाही तर तो त्यांतले एक काढून टाकू शकतो.

दुसऱ्या टप्प्यात वापराच्या ओळी बदलाव्यात. हे काम रेग्युलर एक्स्प्रेशनने करण्याचा प्रयत्न मी केला आहे आणि तो सोडून दिला आहे. आर्ग्युमेंटच्या आत दुसरे फंक्शन असते, त्याच्या आत स्वल्पविराम असतो, ओळ मध्येच तुटलेली असते. त्याऐवजी सीचे व्याकरण समजणारे साधन घ्यावे. लिनक्स कर्नलमध्ये अशा बदलांसाठी वापरले जाणारे कॉक्सिनेल येथे फार उपयोगी पडते: एक्स्प्रेशन क्रमांक एक आणि दोन असे सांगून जुने रूप आणि नवे रूप दोन ओळींत लिहिले की ते सर्व फाइलींत क्रम उलटून देते. मॅक्रोंच्या व्याख्या, फंक्शन पॉइंटरांचे तक्ते आणि असेंब्लीच्या स्वतंत्र फाइली मात्र हातानेच पाहाव्यात.

दुसऱ्या टप्प्याचे मोठे सुख असे की त्याची पडताळणी जवळजवळ यांत्रिक होते. बदलापूर्वी आणि बदलानंतर एकाच कंपायलरने, त्याच ऑप्टिमायझेशनने आणि डीबग माहिती न घालता ऑब्जेक्ट फाइली तयार कराव्यात, दोन्हींचे ऑब्जडम्प या साधनाने डिसअसेंब्ली, म्हणजे मशीन कोडचे वाचता येईल असे रूप, काढून तुलना करावी. केवळ नाव आणि क्रम बदलला असेल तर मशीन कोड तोच निघाला पाहिजे. फरक आला तर तेवढी फाइल ओळ न् ओळ वाचावी. ओळीचा क्रमांक वापरणारे असर्ट हे निरुपद्रवी कारण असू शकते. पण दोन्ही आर्ग्युमेंट्समध्ये काहीतरी बदल घडवणारी फंक्शन्स असतील तर ते खरे कारण असते, कारण आर्ग्युमेंट्स कोणत्या क्रमाने मोजायची हे सी भाषा ठरवून देत नाही, आणि ती जागा आजवर कंपायलरच्या सवयीवर चाललेली असते. अशा ठिकाणी दोन्ही किमती आधी व्हेरिएबलमध्ये घेऊन मग फंक्शनला द्याव्यात.

जिथे हात आखडता घ्यावा

साफसफाई करणाऱ्याला निरर्थक वाटणाऱ्या काही ओळी प्रत्यक्षात अत्यावश्यक असतात. व्हीजीए या डिस्प्ले हार्डवेअरच्या कोडमध्ये ३डीए हे पोर्ट वाचून किंमत टाकून दिलेली दिसते. हे वाचन काढून टाकू नये. त्या वाचनाने अ‍ॅट्रिब्यूट कंट्रोलरची आतली कळ मूळ स्थितीत येते, आणि त्यानंतर ३सी० वर लिहिलेला पहिला बाइट पत्ता मानला जातो, दुसरा डेटा. वाचन काढले तर पत्ता आणि डेटा यांची अदलाबदल होऊ शकते. सीरियल पोर्टचे लाइन स्टेटस रजिस्टर वाचले की त्यातील त्रुटीचे बिट पुसले जातात, म्हणून तेथे एकाऐवजी दोनदा वाचणेही चूक ठरते. अशा प्रत्येक ओळीवर कारणाची टिप्पणी लिहावी आणि परतीची किंमत मुद्दाम टाकून दिल्याचे कास्टने दाखवावे.

रुंदीचे एकत्रीकरण करू नये. व्हीजीएच्या ३डी४ वर १६ बिट लिहिले की खालचा बाइट ३डी४ वर आणि वरचा ३डी५ वर जातो, त्यामुळे दोन ओळींचे काम एकीत होते. म्हणून सर्वत्र तसेच चालेल असे नाही. डिस्कचे १एफ० हे डेटा पोर्ट १६ बिटांनीच वाचण्याची पद्धत आहे. पीसीआय या विस्तार कार्डांच्या बसच्या कॉन्फिगरेशनसाठी सीएफ८ वर पूर्ण ३२ बिट लिहावे लागतात. त्याच चार बाइटांच्या आत येणारे सीएफ९ हे पोर्ट अनेक चिपसेटमध्ये एका बाइटाने लिहिले की यंत्र रीसेट करू शकते. रुंदी हा पत्त्याचाच भाग समजावा.

विलंबाचेही तसेच आहे. जुन्या चिपना दोन लिखाणांच्या मध्ये थोडा वेळ लागत असे, म्हणून कोडमध्ये कुठे पुढच्याच सूचनेवर उडी मारलेली असते, कुठे ८० या निदानाच्या पोर्टवर निरर्थक बाइट लिहिलेला असतो, आणि लिनक्सच्या धाटणीच्या कोडमध्ये नावाच्या शेवटी अंडरस्कोअर पी असते. काही यंत्रांना ८० वर लिहिणे मानवत नाही, म्हणून लिनक्समध्ये आयओ_डिले या बूट पर्यायाने ८०, ईडी, वेळ मोजून थांबणे किंवा काहीच नाही यांतून निवड करता येते. आपल्या कोडमध्ये विलंब असलेले रूप वेगळ्या नावाने ठेवावे आणि तो कसा करायचा हे एकाच फंक्शनमध्ये असावे. कुठे विलंब अनावश्यक आहे हे ठरवणे या कामाच्या कक्षेत येत नाही.

मॅक्रोंबाबत एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. १६ बिटांची किंमत दोन बाइटांत लिहिणारा मॅक्रो असा असतो: आधी पी वर व्ही लिही, अर्धविराम, मग पी अधिक १ वर व्ही आठ बिट उजवीकडे सरकवून लिही. कंस नाहीत, महिरप नाही. हा मॅक्रो महिरप नसलेल्या इफच्या खाली वापरला तर अट फक्त पहिल्या लिखाणाला लागू होते आणि दुसरे नेहमी घडते. व्हीच्या जागी दोन किमतींचा ऑर दिला तर सरकणे फक्त दुसऱ्या किमतीला लागू होते. या मॅक्रोचे इनलाइन फंक्शन केले की दोन्ही चुका आपोआप सुटतात, पण त्याच क्षणी वर्षानुवर्षे चाललेले वर्तनही बदलते, आणि डिसअसेंब्लीच्या तुलनेत तो फरक बाकीच्या निरुपद्रवी बदलांत मिसळून जातो. म्हणून आधी मॅक्रोचे शब्दशः विस्तारित रूप त्या जागी लिहून कमिट करावे, आणि त्यानंतरच्या कमिटमध्ये प्रत्येक जागा हार्डवेअरच्या मॅन्युअलशी ताडून सुधारावी.

वर्तन बदलणाऱ्या या कमिटांसाठी वेगळी चाचणी लागते. नव्या फंक्शन्सच्या तळाचा थर बदलून तेथे नोंद करणारे फंक्शन बसवावे, जे दिशा, रुंदी, पोर्ट आणि किंमत ही चौकडी यादीत टाकते आणि वाचनासाठी आधी ठरवलेल्या किमती देते. ड्रायव्हरचा इनिशियलायझेशनचा मार्ग बदलापूर्वी आणि बदलानंतर या थरावर चालवून दोन याद्यांची तुलना केली की नेमके कोणते लिखाण बदलले ते दिसते. सगळा प्रवेश एकाच ठिकाणाहून होऊ लागल्यामुळेच ही सोय शक्य होते. जुन्या रचनेत अशी यादी मिळवायची तर एम्युलेटरमध्ये ट्रेसिंग चालू करावे लागे.

शेवटची आवरणे

सर्व वापर बदलून झाल्यावर जुनी आवरणे काढून टाकावीत आणि जीसीसी असेल तर नव्या हेडरच्या शेवटी जुनी नावे पॉयझन प्रॅग्मामध्ये टाकावीत, म्हणजे त्यानंतर ती नावे कुठेही आली तरी कंपाइल होताना चूक दिसते. सिस्टिमच्याच हेडरमध्ये आउटबी असेल तर ते हेडर प्रॅग्माच्या आधी घ्यावे, अन्यथा चूक त्या हेडरवरच येईल. यांत्रिक बदलांच्या कमिटांचे क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवावेत. २०१९ मध्ये आलेल्या गिट २.२३ पासून ब्लेमला (प्रत्येक ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवणाऱ्या आज्ञेला) अशी फाइल देऊन ते कमिट वगळता येतात, आणि ओळ मुळात कोणी कशासाठी लिहिली हे पुढच्या माणसाला शोधता येते.